भुंकरी कोणाची

पेंटर अकराला येणार होता. तो साडेबाराला आला, शिडी दुकानाच्या भिंतीला टेकवली आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "नाव सांगा. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"नाव ठरलंय," दादा म्हणाले. "भुंकरी."

"मग लिहायला घेऊ?"

"थांब जरा. ती कोणाची, ते ठरायचंय."

पेंटरने शिडी परत उचलली, भिंतीला आडवी टाकली आणि आत येऊन पिठाच्या उलट्या डब्यावर बसला. या घराच्या आधीच्या दोन पाट्याही त्यानेच रंगवल्या होत्या. त्यामुळे 'थांब जरा' म्हणजे किती, याचा त्याला अंदाज होता. त्याने चहा मागितला.

दुकानावर त्या दोन पाट्या अजून होत्या. एकीवर 'ढोल्या' आणि खाली बारीक अक्षरात 'भट्टी थोरल्याची'. दुसरीवर 'काडी' आणि खाली 'भट्टी धाकट्याची'. ढोल्या म्हणजे दादांचा फुगीर दूधपाव, काडी म्हणजे मास्तरांचा पातळ टोस्ट. ही सगळी या दोघा भावांच्या वडिलांची, आप्पांची करणी. मळायच्या खोलीत, दोन्ही भट्ट्यांच्या डोक्यावर, आप्पांनी चुन्याने लिहून ठेवलेलं वाक्य काजळीतून अजून वाचता येत होतं: 'नाव देईल त्याची भट्टी.' स्वतः नाव दिलेली वस्तू माणूस करपू देत नाही, असं आप्पांचं म्हणणं होतं. आणि नुसतं नाव देऊन भागत नसे. ज्याचं नाव, त्याने पहिल्या ट्रेमधला पहिला नग भट्टीसमोर उभं राहून, सगळ्यांदेखत, पाण्याचा घोट न घेता आख्खा खायचा. दादांचा पहिला ढोल्या आतून कच्चा राहिला होता. त्यांनी तो खाल्ला होता आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठले नव्हते.

तिसरी भट्टी मागच्या दाराबाहेर पत्र्याखाली होती. लहानशी, एका माणसापुरती, आप्पांची स्वतःची. आप्पा गेल्यापासून बारा वर्षं ती पेटली नव्हती. आता ती पेटायची होती, कारण आत्याची कुत्र्यांची बिस्किटं पुरेनाशी झाली होती.

आत्या चाळीस वर्षं गल्ल्यावर उभी होती. दादांहून धाकटी, मास्तरांहून थोरली, दोघांचीही 'ताई', लग्नाच्या भानगडीत न पडलेली. गेली सात वर्षं, टोस्ट निघाले की मास्तरांच्या भट्टीत जी धग उरते, त्या उरलेल्या धगीवर ती बिस्किटं भाजायची: कलेजी, लाल भोपळा आणि भरड पीठ. मीठ नाही, साखर नाही. आधी मागच्या दारच्या भटक्या कुत्र्यांसाठी, मग गल्लीतल्या, मग मोटारीतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी. उरलेल्या धगीवर बिस्किट मंद सुकायचं आणि असं काही कडक व्हायचं की कुत्रं दहा मिनिटं गप्प बसायचं. त्या दहा मिनिटांसाठी लोक लांबून येत. पण उरलेली धग दिवसाला दोनच ट्रे देते. स्वतःची भट्टी हवी, स्वतःची सकाळ हवी, हे आत्याला हवं होतं आणि तिने ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

"साधी गोष्ट आहे," दादा म्हणाले. "शब्द माझा. तेव्हा तिसरी भट्टी माझी. ताईने तिची बिस्किटं भाजावीत की. माझे ढोल्ये निघाल्यावर."

म्हणजे पुन्हा उरलेली धग. आत्या गल्ल्यावरून आत आली होती, ती दारातच थांबली.

---

दादा खोटं बोलत होते असं नाही. दादांना खरोखरच तसं आठवत होतं. चिमणी साफ केली त्या दिवशी दुकानात चार कुत्री एकदम भुंकायला लागली, तेव्हा आपण एका गिऱ्हाइकाला "बेकरी नव्हे हो, भुंकरी" असं म्हणालो आणि गिऱ्हाईक हसलं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर स्पष्ट होतं. आपल्या विनोदाला कुणी हसल्याची घटना दादांच्या आयुष्यात तशी दुर्मिळ, त्यामुळे ती विसरणं शक्यच नव्हतं.

"कधीची गोष्ट?" मास्तरांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली."

"दादा, तू ऐकलेला शब्द सांगितलास. मी घडवलेला सांगतोय." मास्तर उभे राहिले. मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. लहानपणापासून दिसेल त्याला सुधारत सुटायचे म्हणून आप्पांनीच त्यांना ते नाव दिलं होतं. "शब्दाला अर्थ असतात. भुंकरीला तीन आहेत. एक, भुंकणाऱ्यांची बेकरी. हा वरवरचा. दोन, यात भूक दडलीय. भुंकणं हे भुकेपोटीच असतं, हे मूळ लक्षात घेतलं पाहिजे."

"आणि तिसरा?" पेंटरने विचारलं. त्याला चहा मिळाला होता आणि तो रमला होता.

"तिसरा, ज्या बेकरीचा मालक सकाळपासून सगळ्यांच्या अंगावर भुंकतो ती."

"मास्तर!" दादा भुंकले.

"पुरावा पाहिजे? बाहेरच्या फळ्यावर 'येथे भुंकरी आहे' हे कोणाच्या अक्षरात आहे? माझ्या. दोन वर्षं झाली, मी दर सोमवारी ते नव्याने लिहितो."

"दोन म्हणजे तीननंतर," दादा म्हणाले. "एवढं गणित मलाही येतं."

"मी विचार आधी केला होता. लिहिलं नंतर."

दादांची मुलगी इतका वेळ टेबलाच्या कडेला बसून पाय हलवत होती. ती जनावरांची डॉक्टर. बिस्किटातून मीठ आणि साखर तिनेच काढायला लावली होती. "बाबा, काका, दोघंही थांबा," ती म्हणाली. "मी कॉलेजातून सुट्टीला आले होते ना, तेव्हा आत्याच्या बिस्किटांच्या डब्याला आत्याच भुंकरीचा डबा म्हणत होती. त्याला सहा वर्षं तरी झाली. तेव्हा बाबा हसवत नव्हते आणि काका लिहीत नव्हते."

सगळे आत्याकडे वळले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वहिनी, म्हणजे दादांची बायको, पीठ मळत होत्या, त्या तेवढ्या वळल्या नाहीत.

"म्हणजे ताईचा शब्द?" मास्तर म्हणाले. हा मार्ग त्यांना दादांच्या जिंकण्यापेक्षा बरा वाटला असावा. "तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही. ताई, तुझाच ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. आत्याने पदराला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही दिला. मी ऐकला."

"कोणाकडून?"

"आठवत नाही."

हे कुणालाच पटलं नाही. कोणत्या घरी मंगळवारी किती ढोल्ये लागतात, कोणाच्या सासूला काडी कडक चालत नाही, कोणी तीन वर्षांपूर्वी दोन टोस्ट कमी आल्याची तक्रार केली होती, हे सगळं आत्याला पाठ होतं. तिच्या तोंडून 'आठवत नाही' या घराने प्रथमच ऐकलं.

---

"मग आपण आजोबांच्या पद्धतीने करू," डॉक्टरीण म्हणाली आणि फडताळातून आत्याचा सकाळचा ट्रे काढून टेबलावर ठेवला. "ज्याचा शब्द असेल त्याने पहिला नग खायचा. भट्टीसमोर उभं राहून, आख्खा, पाण्याशिवाय. चला. बाबा?"

"हे कुत्र्यांचं आहे!"

"मी तपासलंय. माणसाला काही होत नाही. आत्या प्रत्येक घाणा चाखते."

दादांनी ताईकडे पाहिलं. आपली बहीण सात वर्षं रोज कुत्र्याचं बिस्किट चाखते, ही बातमी त्यांना नवी होती. मग त्यांनी एक बिस्किट उचललं, मागच्या दाराबाहेर तिसऱ्या भट्टीसमोर जाऊन उभे राहिले आणि एखादा ढोल्या तोडावा तसे जोरात चावले.

कडकन आवाज झाला. बिस्किट शाबूत होतं. दादांनी तोंडावर हात धरला, पाठ फिरवली आणि बराच वेळ आत काहीतरी जागेवर बसवत राहिले. नवी कवळी करून त्यांना अजून महिनाही झाला नव्हता.

"मी म्हणालो असेन," ते परत येऊन म्हणाले, "पण पहिल्यांदा मीच म्हणालो असं नव्हे."

मास्तरांनी दादांची फजिती डोळे भरून पाहिली आणि मग स्वतःचं बिस्किट घेतलं. त्यांनी कोपरा मोडला, तो तोंडात टाकला आणि चेहरा न बदलता चघळला. "कलेजी पुढे येते, भोपळा मागे राहतो," असं त्यांनी मतही दिलं. पुढचे सगळे घास मात्र तोंडापर्यंत जाऊन हात खाली येताना कुठेतरी गायब होत होते. भट्टीच्या आडोशाला मॅनेजर झोपला होता. मॅनेजर म्हणजे मागच्या दारचं सगळ्यात जुनं कुत्रं. दिवसभर सगळ्यांवर नजर ठेवतो आणि काम कसलंच करत नाही, म्हणून त्याला ते पद मिळालं होतं. तो आता उठून बसला होता आणि त्याच्या जबड्यातून कडकड आवाज येत होता.

"काका," डॉक्टरीण म्हणाली, "शब्द मॅनेजरचा आहे का?"

पेंटर इतका हसला की चहा सांडला. मास्तर म्हणाले की आख्खा याचा अर्थ प्रत्येक काळात वेगवेगळा होतो. ते कुणी ऐकून घेतलं नाही.

दादांना मात्र वाट सापडली होती. "बरं झालं. आता माझा नाही, मास्तरांचा नाही, ताई स्वतः नाही म्हणते. शब्द कोणाचाच नाही. मग बेवारस भट्टी कोणाकडे जाणार? घरच्या थोरल्याकडे. पेंटर, घे लिहायला. 'भुंकरी', खाली 'भट्टी थोरल्याची'."

पेंटर उठला. आत्याने ट्रे उचलला, फडताळात परत ठेवला आणि गल्ल्याकडे निघाली. गल्ल्यावर गिऱ्हाईक नव्हतं.

---

वहिनींचे हात पिठात होते आणि पीठ केव्हाच मळून झालं होतं.

पस्तीस वर्षं त्या या टेबलाशी उभ्या होत्या. रोज दुपारी भट्ट्या निवल्या की त्या आधी दादांना आणि मग मास्तरांना एकच प्रश्न विचारायच्या, "उद्या किती?" आणि ते सांगतील तेवढं पीठ पिंपातून काढून ठेवायच्या. दोन भट्ट्या, दोन उत्तरं. आत्याला कधी विचारायची वेळ आली नाही. तिचं थोडंसं पीठ ती स्वतःच कोपऱ्यात मळायची.

शब्द कोणाचा ते वहिनींना माहीत होतं. फक्त त्यांना आणि आत्याला.

सात वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलचा माणूस रोजचे दोनशे ढोल्ये ठरवायला आला होता. त्याला मागच्या दाराने आत आणलं, तर दारात अकरा कुत्री बसलेली आणि मधोमध आत्या, करपलेले पाव मोडून वाटत. त्यातल्या एकाने पिठाच्या पोत्याशी जाऊन पाय वर केला. माणूस होता तिथून मागे फिरला. दादा आणि मास्तर पुढे दुकानात होते. वहिनींचं डोकं फिरलं. "वन्सं, ही बेकरी राहिली नाही, भुंकरी झालीय," त्या ओरडल्या होत्या. "आणि तुम्ही तिच्या मालकीण! नाहीतरी दुसरं काय आलंय तुमच्या वाट्याला?"

पहिलं वाक्य चालण्यासारखं होतं. दुसरं नव्हतं. आत्याने तेव्हा हातातला पाव वाटून संपवला. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला ती हसत म्हणाली, "या, ही आमची भुंकरी." त्या दिवसापासून तो शब्द तिचा झाला, गल्लीचा झाला, आणि वहिनींना माफी मागायला जागाच उरली नाही. हसून वापरल्या जाणाऱ्या शब्दाची माफी कशी मागायची, हे त्यांना सात वर्षांत उमगलं नव्हतं. आणि आता ही बाई हातची भट्टी सोडत होती, पण वहिनींचं नाव घेत नव्हती.

वहिनींनी हात धुतले. फडताळ उघडून ट्रेमधलं एक बिस्किट घेतलं, मागच्या दाराबाहेर गेल्या आणि तिसऱ्या भट्टीसमोर उभ्या राहिल्या.

"अगं, तू कुठे निघालीस?" दादा म्हणाले.

वहिनींचे दात स्वतःचे होते. त्यांनी पहिला तुकडा मोडला, चावला, गिळला. मग दुसरा. मॅनेजर आशेने जवळ आला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं. सगळे दारात जमले होते. गल्ल्याकडे गेलेली आत्याही मागे वळून आली होती. शेवटचा तुकडा घशाखाली उतरताना वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. बिस्किट तेवढं कडक होतंच.

"शब्द माझा," त्या म्हणाल्या. "ते हॉटेलवाले आले होते, त्या दिवशी मी म्हणाले. कौतुकाने नाही. वन्संना लागावं म्हणून म्हणाले. आणि पुढे आणखी एक वाक्य म्हणाले, ते मी परत उच्चारणार नाही. वन्सं, माझं चुकलं. त्याच दिवशी म्हणायला हवं होतं."

मास्तरांनाही सुधारण्यासारखं काही सापडलं नाही.

"मीठ पाहिजे होतं जरा," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

"कुत्र्यांना चालत नाही, वहिनी," आत्या म्हणाली.

---

दादा सगळ्यात आधी भानावर आले. "म्हणजे ही भट्टी... तुझी?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "माझी. पस्तीस वर्षं तुमच्या दोन भट्ट्यांचं पीठ मळतेय. मामंजींच्या नियमाने आज मला भट्टी मिळाली. आणि माझी आहे तर मी ती वन्संना देते."

"असं देता येत नाही," मास्तर म्हणाले. "नियमात तशी तरतूद नाही."

"मलाही अशी नकोय," आत्या म्हणाली.

वहिनींचा चेहरा उतरला. पण आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. ती आत गेली, टेबलावरचं ओलं फडकं उचललं, स्टूल ओढलं आणि दोन्ही भट्ट्यांच्या डोक्यावरची भिंत पुसायला लागली. काजळी ओघळून तिच्या मनगटापर्यंत आली. 'नाव' या शब्दाच्या डावीकडे, जिथे वर्षानुवर्षं नुसता काळा पट्टा होता, तिथे हळूहळू अक्षरं उघडी पडली.

डॉक्टरिणीने मोठ्याने वाचलं. "मालाला नाव देईल त्याची भट्टी."

"आप्पा लिहीत होते तेव्हा चुन्याची बादली माझ्या हातात होती," आत्या स्टुलावरूनच म्हणाली. "मी चौदा वर्षांची होते. दुकानाच्या नावाचा इथे संबंधच नाही. ढोल्या हे मालाचं नाव. काडी हे मालाचं नाव. माझ्या बिस्किटाला सात वर्षांत नावच नाही. तुम्ही सकाळपासून भलत्याच गोष्टीवर भांडताय."

"तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?" दादा चिडून म्हणाले. चिडले, कारण रोज पहाटे त्या भिंतीखाली उभं राहूनही त्यांना ते ठाऊक नव्हतं.

"नाव दिलं म्हणजे भट्टी मागितली. मी मागितली असती तर तू काय म्हणाला असतास, दादा?"

काय म्हणालो असतो, ते दादांना चांगलं माहीत होतं आणि त्यांना त्याची लाज वाटली.

आत्या खाली उतरली. ट्रेमधलं एक बिस्किट घेऊन ती मागच्या दाराबाहेर, वहिनींच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"याचं नाव वाटा," ती म्हणाली.

त्या शब्दामागचं वाक्य तिच्याशिवाय फक्त एकीला माहीत होतं. वहिनींनी मान खाली घातली. आत्याने बिस्किट गुडघ्यावर आपटून मोडलं आणि अर्धं त्यांच्यापुढे धरलं.

"आख्खं खायचं असतं," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही तरी बोलू नका," पेंटर म्हणाला, आणि घरातल्या कुणीही त्याला तुझा काय संबंध असं विचारलं नाही.

दोघी चावत उभ्या राहिल्या. वाटा संपायला वेळ लागतो. तो संपेपर्यंत दादा आत-बाहेर दोन फेऱ्या घालून आले, एकदा भिंत वाचली, एकदा भट्टीत डोकावले, आतलं बारा वर्षांचं जाळं हाताने काढलं आणि हात पँटला पुसला.

"आता तरी सांगा," पेंटर शिडी उचलत म्हणाला. "वर 'भुंकरी'. खाली काय?"

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? थोरल्याची झाली, धाकट्याची झाली." दादांनी घसा साफ केला. "लिही, 'भट्टी मधलीची'. आणि अक्षर माझ्या पाटीपेक्षा मोठं काढू नकोस."

बाहेर शिडी भिंतीला लागल्याचा आवाज आला. मास्तर अक्षरांवर लक्ष ठेवायला धावले आणि त्यांच्यामागे डॉक्टरीण, मास्तरांवर लक्ष ठेवायला. दोन वाजत आले होते, दोन्ही भट्ट्या निवल्या होत्या. वहिनी टेबलाशी गेल्या आणि पिंपाचं झाकण काढलं.

"अहो, उद्या किती?"

"नेहमीचं," दादा म्हणाले.

"भाऊजी, उद्या किती?"

"दोन किलो जास्त!" मास्तर बाहेरून ओरडले.

वहिनींनी ते पीठ काढून बाजूला ठेवलं. माप रिकामं करून पुन्हा हातात घेतलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "उद्या किती?"

आत्या चाळीस वर्षं साऱ्या गल्लीचे आकडे डोक्यात ठेवून होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि चुकली. पहिल्यापासून पुन्हा मोजलं. वहिनी माप धरून थांबल्या होत्या.

"सात किलो," आत्या म्हणाली. मग म्हणाली, "नाही, आठ."